आकड्यांत लिहिलेली फिडल: पाड्रिग मास्तरांची गोष्ट

व्हायोलिनला चार तारा असतात आणि पाश्चात्त्य नोटेशनच्या पाच रेघांच्या मधे चार मोकळी घरं असतात. तशी अगदी साधी गोष्ट, कुणालाही दिसेल अशी, पण आयर्लंडमधल्या केरी काउंटीतल्या एका शाळामास्तरांनी ती अशी काही वापरली की नोटेशनचा न सुद्धा न कळणारी शेतकऱ्यांची पोरं व्हायोलिन वाजवायला शिकली, आणि त्यातली काही पुढे इतकी मोठी झाली की आज आयरिश संगीत शिकणारा माणूस जगात कुठेही असला तरी त्यांची नावं घेतो. मास्तरांचं नाव पाड्रिग ओकीफ. जन्म १८८७ चा, गेले फेब्रुवारी १९६३ मधे. मला ही सगळी पद्धत नीट समजून घ्यायला बरेच दिवस लागले म्हणून म्हटलं एकदा सोपं करून लिहूनच टाकते, कारण त्यांच्याबद्दल मराठीत वाचायला मिळावं असं फार वाटतं.

आधी एक शंका दूर करू. फिडल म्हणजे वेगळं वाद्य नाही, व्हायोलिनच. तेच लाकूड, त्याच तारा, तोच बो, म्हणजे तारांवर फिरवायचा गज. त्यावर लोकसंगीत वाजतं तेव्हा तिकडे त्याला फिडल म्हणतात. आपल्याकडे हिंदुस्थानी संगीत वाजवणारे व्हायोलिन बसून वाजवतात आणि तारा गाण्याच्या सोयीने सा-प-सा-प अशा लावतात. आयरिश फिडलवाले मात्र तारा पाश्चात्त्य पद्धतीनेच लावतात, जाडीकडून बारकीकडे जी, डी, ए, ई. हे चार स्वर लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

आता हा प्रदेश. आयर्लंडच्या नैऋत्येला केरी आणि कॉर्क या दोन काउंट्यांची हद्द जिथे भिडते तो डोंगराळ, ओलसर, दलदलीचा भाग, त्याला आयरिश भाषेत श्लीव लूखरा म्हणतात म्हणजे लव्हाळ्यांचा डोंगर. नकाशावर याची ठरलेली सीमा नाही, कुठलं गाव आत आणि कुठलं बाहेर यावर तिथलेच लोक वाद घालतात. जमीन नापीक, लोक गरीब, चुलीत दलदलीतून कापून वाळवलेल्या मातीच्या विटा जळायच्या. पण याच मुलखात अठराव्या शतकातले आयरिश भाषेतले थोर कवी झाले, आगन ओ राहिली आणि ओवन रुआ ओ सुलिवान. त्यामुळे कविता आणि गाणं ही तिथे शिकलेल्या लोकांची चैन नव्हती, गोठ्यात काम करणाऱ्या माणसालाही चार कडवी पाठ असायची.

पाड्रिग इथलेच, ग्लाउंटन नावाच्या छोट्याशा ठिकाणचे. वडील तिथल्या शाळेचे हेडमास्तर, पण संगीत आलं ते आईच्या माहेराकडून. आईचं घराणं ओकॅलहन, कॉर्कच्या बाजूला किस्कीमजवळ. लहानपणी पाड्रिग बराच काळ आजोळी राहिले आणि तिथे मामा कॅल ओकॅलहन फिडल वाजवायचे, त्यांच्याकडून हा खजिना भाच्याकडे आला. मामाकडून भाच्याकडे म्हटल्यावर आपल्याला काही वेगळं समजावून सांगायला नको.

पुढे वडील गेले आणि १९१५ मधे पाड्रिग त्याच शाळेचे मास्तर झाले. पण घंटा, हजेरी, इन्स्पेक्टर, या सगळ्यात त्यांचं मन काही रमलं नाही, आणि १९२० मधे त्यांना नोकरीवरून काढून टाकलं. वय तेहतिशीच्या आत, हातात पक्की सरकारी नोकरी, पेन्शनची हमी, आणि ते सगळं गेलं. लग्न त्यांनी केलं नाही. त्यानंतर चाळीसहून जास्त वर्षं, म्हणजे मरेपर्यंत, त्यांनी एकच काम केलं. डोंगरातून, दलदलीतून पायी चालत घरोघरी जायचं आणि मुलांना फिडल शिकवायची. कुणाला ॲकॉर्डियन शिकायचं असेल तर तेही. फिडल शिकवत असं गावोगाव फिरणाऱ्यांची तिथे जुनी परंपरा होती, आणि पाड्रिग हे त्या परंपरेतले शेवटचे मास्तर मानले जातात.

दारूबद्दल पण लिहायला हवं, कारण त्यांच्यावरच्या प्रत्येक आठवणीत ती येते. त्यांना काळी पोर्टर बिअर फार आवडायची, संध्याकाळ कॅसलआयलंड नाहीतर स्कार्टाग्लिनच्या पबमधे जायची, पैसा हातात टिकायचा नाही. काही लोक हे फार रंगवून सांगतात, मास्तर कसे अवलिया होते वगैरे. मला ते रंगवणं आवडत नाही. हिवाळ्याच्या रात्री ओल्या कपड्यांत मैलोनमैल चालणारा एकटा माणूस होता तो, आणि तरी त्याने शिकवणं सोडलं नाही, मला एवढंच त्यातलं महत्त्वाचं वाटतं.

आता मुख्य मुद्दा, ती आकड्यांची पद्धत.

नेहमीच्या नोटेशनमधे पाच रेघा असतात आणि स्वराचा ठिपका कधी रेघेवर बसतो कधी दोन रेघांच्या मधे. ठिपका जितका वर तितका स्वर उंच. हे वाचायला शिकायला वेळ लागतो, कारण आधी ठिपक्यावरून स्वराचं नाव ओळखायचं, मग तो स्वर व्हायोलिनवर कुठल्या तारेवर कुठल्या बोटाने येतो ते आठवायचं, म्हणजे डोक्यात दोन पायऱ्या. पाड्रिग मास्तरांनी मधली पायरी काढूनच टाकली. त्यांनी रेघांकडे दुर्लक्ष केलं आणि मधली चार घरं घेतली. एक घर म्हणजे एक तार. सगळ्यात वरचं घर म्हणजे सगळ्यात बारीक ई ची तार, त्याखाली ए, त्याखाली डी, आणि तळाचं घर जाड जी ची तार. मग त्या घरात आकडा लिहायचा, कुठलं बोट ठेवायचं त्याचा. ० म्हणजे बोट नको, मोकळी तार. १ म्हणजे अंगठ्याशेजारचं बोट, २ मधलं, ३ त्याच्या पुढचं, ४ करंगळी. झालं! स्वराचं नाव माहीत असायची गरजच नाही. आपल्याकडे पेटीवाले "पांढरी चार", "काळी पाच" म्हणतात ना, त्याच जातीची गोष्ट, वाद्यावर हात कुठे जाणार ते सरळ सांगायचं.

उदाहरण घेऊ, सगळ्यांना येणारं, ट्विंकल ट्विंकल लिटल स्टार. डी पासून सुरू केलं तर पहिली ओळ अशी: डी च्या घरात ०, ०, मग ए च्या घरात ०, ०, १, १, ०. आणि दुसरी ओळ सगळी डी च्या घरात: ३, ३, २, २, १, १, ०. घरी व्हायोलिन असेल तर आत्ता वाजवून बघा, पाच मिनिटांत येईल. ॲकॉर्डियनसाठी त्यांनी वेगळी सोय केली होती. तिथल्या जुन्या ॲकॉर्डियनमधे एकच बटण भाता दाबताना एक स्वर देतं आणि ओढताना दुसरा, म्हणून बटणाचा नंबर लिहायचा आणि सोबत दाबायचं की ओढायचं याची खूण.

पण आता परत ते ट्विंकलचे आकडे बघा. "ट्विंकल ट्विंकल लिटल स्टार" यातला "स्टार" लांब आहे, बाकीच्या स्वरांच्या दुप्पट. नुसत्या बोटांच्या आकड्यांत तो लांबपणा कुठे दिसतो? नाही दिसत. दुसरं म्हणजे डी तारेवर २ लिहिलं तर मधलं बोट जरा खाली ठेवायचं की जरा वर, म्हणजे आपल्या भाषेत कोमल की शुद्ध, तेही नुसत्या आकड्यावरून कळत नाही. ट्विंकल आपल्याला आधीच पाठ आहे म्हणून काही अडलं नाही. अनोळखी चाल असती तर?

इथेच या पद्धतीचं खरं मर्म आहे आणि ते मला माझ्या भाचीमुळे कळलं. ती व्हायोलिनच्या क्लासला जाते, अकरा वर्षांची आहे, मी तिला एका पोल्काचे, म्हणजे तिकडच्या एका नाचाच्या चालीचे, आकडे याच पद्धतीने कागदावर उतरवून दिले आणि म्हटलं वाजव बघू. तिने बिचारीने इमानदारीत सगळे आकडे वाजवले, एकही चुकला नाही, आणि चाल मात्र कुठेच नाही, नुसते स्वर एकामागून एक चालले होते. मग मी तिला तोच पोल्का रेकॉर्डिंगवरून तीनचार वेळा ऐकवला, काहीच सांगितलं नाही, फक्त ऐकवला. परत कागद घेतला आणि काय सांगू, दुसऱ्याच प्रयत्नात तिचा पाय हलायला लागला. आकडे तेच होते.

पाड्रिग मास्तर असंच करायचे. ते घरी येणार, स्वैपाकघरात चुलीजवळ बसणार, चाल वहीच्या पानावर नाहीतर मिळेल त्या कागदावर लिहून देणार, आणि ती वाजवून दाखवणार. मुलगा ऐकणार. मास्तर उठून पुढच्या घरी जाणार आणि कागद मागे राहणार. पुढच्या खेपेपर्यंत मुलाकडे दोन गोष्टी असायच्या, कानात आवाज आणि हातात कागद. चाल किती लांब-आखूड, तिचा झोका कसा, हे कानाने सांभाळायचं. कुठलं बोट कुठे, हे विसरायला होतं, ते कागदाने सांभाळायचं. कागदाने कानाची जागा घेतली नाही, कान जिथे दमतो तेवढ्याच ठिकाणी आधार दिला. गुरूसमोर बसून शिकायची विद्या आणि लिहून ठेवायची विद्या यात आपल्याकडेही ओढाताण चालते, पण इथे एका माणसाने कुठलाही सिद्धांत न मांडता दोन्हीची वाटणी करून टाकली होती.

एक गोष्ट मात्र ते कागदावर आवर्जून दाखवायचे, ती म्हणजे बो. कुठले स्वर एकाच बोमधे जोडून घ्यायचे त्याच्यासाठी आकड्यांवर छोटी कमान काढायची. मॅट क्रॅनिच नावाचे फिडलवादक आहेत कॉर्कचे, त्यांनी या हस्तलिखितांचा अभ्यास करून पीएचडी केली. ही कमान का महत्त्वाची? असं आहे की बो ची दिशा बदलते, म्हणजे खाली चाललेला बो वर वळतो, तेव्हा त्या स्वराला आपोआप थोडा धक्का मिळतो. जिथे दोन स्वर एका बोमधे जोडले तिथे दुसऱ्याला धक्का मिळत नाही. आता समजा तुम्ही जोडणी अशी केली की जोरदार मात्रेवर बो वळतच नाही आणि हलक्या मात्रेवर वळतो, तर वजन हलक्या मात्रेवर जाऊन पडतं आणि चाल उसळते. श्लीव लूखराच्या फिडलमधे जी उसळी ऐकू येते, बसलेल्या माणसाला उठवणारी, त्यातली बरीचशी या उजव्या हातात आहे. आयर्लंडच्या दुसऱ्या भागांत, स्लायगोच्या फिडलमधे वगैरे, डाव्या हाताच्या बोटांची नक्षी जास्त असते, स्वराभोवती पटकन गिरकी घ्यायची आणि परत यायचं. इकडे नक्षी कमी, बो ची लय जास्त आणि मधेच शेजारची मोकळी तार घासून दोन स्वर एकदम घ्यायचे. मला स्वतःला हेच जास्त आवडतं.

चालींचे प्रकारही थोडक्यात सांगते, नाहीतर ऐकताना सगळं सारखंच वाटेल. आयर्लंडभर रील सगळ्यात जास्त वाजतात, चार मात्रांत आठ धावते स्वर. जिग म्हणजे तीन-तीनचे गट, आपल्या "तकिट तकिट" सारखे. पण श्लीव लूखराची शान म्हणजे पोल्का आणि स्लाइड. पोल्का मुळात मध्य युरोपातला, बोहेमियाचा नाच, एकोणिसाव्या शतकात आयर्लंडला पोचला आणि या डोंगरात असा रुजला की तिथलाच झाला. एक-दोन, एक-दोन, छोटा, सुटसुटीत, वेगवान. स्लाइड हा जिगचा चुलतभाऊ, पण तीनच्या गटात तिन्ही स्वर वाजवायच्या ऐवजी पुष्कळदा एक लांब आणि एक आखूड घेतात, लां-ब, लां-ब, त्यामुळे तो घसरत गेल्यासारखा वाटतो आणि वेगही जास्त. हे सगळं नाचासाठी होतं, चार जोड्या समोरासमोर उभ्या राहून नाचायच्या, आणि वाजवणाऱ्याची परीक्षा घेणारे ते आठ पाय-जोडच होते.

शिवाय स्लो एअर. ही नाचाची चाल नाही, आयरिश भाषेतल्या जुन्या गाण्यांचा सूर वाद्यावर घ्यायचा, ताल नाही, आलापासारखं मोकळं. पाड्रिग मास्तरांची खरी उंची इथे कळते असं मला वाटतं. त्यांचं "ओराहिलीज ग्रेव्ह" ऐका, म्हणजे त्याच मुलखातल्या त्या कवीची कबर. पोल्का शिकवत फिरणारा हाच माणूस का असं वाटतं. आणि दुसऱ्या टोकाला "द ओल्ड मॅन रॉकिंग द क्रेडल", म्हातारा पाळणा हलवतोय. यात ते दाराची मोठी लोखंडी किल्ली दातात धरायचे आणि वाजवता वाजवता ती फिडलच्या ब्रिजला लावायचे. ब्रिज म्हणजे तारा ज्यावर टेकतात तो लाकडाचा तुकडा, तारेची थरथर त्याच्यातूनच फिडलच्या पोकळ अंगात जाते. त्याला जड किल्ली टेकली की थरथर दबते आणि आवाज नाकातून आल्यासारखा होतो, आणि फिडल चक्क रडणाऱ्या बाळासारखी "मामा" म्हणते. पोरं काय खूष होत असतील!

त्यांच्या शिष्यांत सगळ्यात नाव झालं ते डेनिस मर्फी (१९१० ते १९७४) आणि त्यांची बहीण जुलिया क्लिफर्ड (१९१४ ते १९९७) यांचं. नीवगिलाजवळच्या लिशीनचं हे भाऊ-बहीण, घरात सगळेच वाजवणारे. हे दोघं मिळून वाजवायचे तेव्हा एक जण मूळ चाल धरायचा आणि दुसरा तीच चाल एक सप्तक खाली, त्यामुळे दोनच फिडल असून खाली सतरंजी अंथरल्यासारखा भरीव आवाज. १९६९ मधे त्यांची "द स्टार अबव्ह द गार्टर" ही तबकडी क्लॅडाह रेकॉर्ड्सने काढली आणि श्लीव लूखराच्या बाहेरच्या तरुण वादकांनी ती झिजेपर्यंत ऐकली. मास्तर जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. डेनिस काही वर्षं न्यूयॉर्कला होते, जुलिया लंडनला, आणि ग्लाउंटनच्या शाळेत पाड्रिग मास्तरांच्या हाताखाली शिकलेले टेरी टीहन कॉन्सर्टिना, म्हणजे हातात मावणारं भात्याचं छोटं वाद्य, घेऊन शिकागोला गेले. तो काळच तसा होता, घरटी माणसं देश सोडून जात होती. दलदलीतल्या स्वैपाकघरात आकड्यांवरून शिकलेले पोल्का असे समुद्रापलीकडच्या शहरांत पोचले.

खुद्द पाड्रिगांचा आवाज आपल्याला ऐकायला मिळतो तो शेमस एनिस यांच्यामुळे. एनिस स्वतः थोर पायपर, म्हणजे आयरिश बॅगपाइप वाजवणारे, आणि त्यांची नोकरीच गावोगाव जाऊन गाणी-चाली गोळा करायची होती, आधी लोककथा आयोगात, मग आयर्लंडच्या रेडिओवर, मग बीबीसीत. १९४० च्या दशकाच्या शेवटी आणि परत १९५२ मधे त्यांनी पाड्रिगांना ध्वनिमुद्रित केलं. तेव्हा मास्तर साठीत होते, एनिस आले नसते तर आज आपल्याकडे फक्त कागद असते. आणि नुसत्या कागदाचं काय होतं ते भाचीच्या खोलीत मी ऐकलेलंच आहे.

आता स्कार्टाग्लिनमधे त्यांचा अर्धपुतळा आहे आणि दरवर्षी ऑक्टोबरच्या शेवटी कॅसलआयलंडला त्यांच्या नावाचा संगीत महोत्सव भरतो. पण तिकडे आठवण ठेवायची याहून जुनी रीत आहे. आयरिश चालींना बऱ्याचदा मूळ नाव नसतंच, ज्याच्याकडून ऐकली त्याचं नाव चालीला चिकटतं. त्यामुळे "पाड्रिग ओकीफ्स" नावाच्या एक नाही अनेक चाली आहेत, काही पोल्का, काही स्लाइड, आणि त्या त्यांनी रचल्या असंही नाही, एवढंच की कुणीतरी कधीतरी त्या त्यांच्याकडून घेतल्या.

ऐकायला सुरुवात करायची तर "केरी फिडल्स" शोधा. १९५२ ची ती बीबीसीची रेकॉर्डिंग, टॉपिक रेकॉर्ड्सने १९७७ मधे तबकडी म्हणून काढली, मास्तर, डेनिस आणि जुलिया तिघंही आहेत त्यात. पहिल्यांदा नुसतं ऐका. दुसऱ्यांदा हेडफोन लावा आणि पोल्कामधे ती हलकी मात्रा पकडायचा प्रयत्न करा, जिथे बो वळतो. एकदा ती सापडली की मग गुरू कुठला आणि शिष्य कुठला हे ओळखायला घ्या. मला अजून प्रत्येक वेळी नीट सांगता येत नाही.